वाळवंटातला रणगाडा आणि पत्र्याचा डबा

सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, झेंडावंदन आटोपलं की नायगावात चहाच्या टपरीवर ठरलेला विषय निघतो. निजामाला वाकवायला किती दिवस लागले? पुरते पाचही नाहीत. कशानं वाकला? रणगाड्यांनी. शेजारच्या उमरीची बँक, अर्जापूरला सांडलेलं गोविंदराव पानसऱ्यांचं रक्त, सरहद्दीवरच्या कॅम्पांत पोरांनी काढलेले महिने, हे सगळं अर्ध्या कपात संपतं आणि उरलेला कप रणगाड्यांवर जातो. मग कुणीतरी हमखास दुसऱ्या महायुद्धातल्या रोमेल या जर्मन सेनापतीचं नाव काढतो. वाळवंटातला कोल्हा, जर्मन पँझर, वाळूत समोरासमोर भिडलेले शेकडो रणगाडे. सिनेमा पाहिलेला असतो, एखादं भाषांतरित चरित्र वाचलेलं असतं, आणि बोलणारा इतक्या खात्रीनं बोलतो की आपणही मान डोलावतो.

मीही पुष्कळ वर्षं डोलावली. आता ती मला डोलावता येत नाही. का येत नाही ते सांगण्याआधी पूर्वपक्ष नीट मांडतो. खंडन करायचं तर समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं पाहिजे, अशी आपली जुनी शिस्त आहे.

पूर्वपक्ष असा. वाळवंट म्हणजे जमिनीवरचा समुद्र. तिथं गाव नाही, झाड नाही, आडोसा नाही. अशा मोकळ्या रानात रणगाडे जहाजांसारखे फिरतात आणि गाठ पडली की एकमेकांवर तोफा डागतात. ज्याचा रणगाडा सरस आणि सेनापती चलाख, तो जिंकतो. जर्मनांकडं दोन्ही होतं, म्हणून १९४१ आणि १९४२ साली लिबिया-इजिप्तच्या वाळवंटात इंग्रज मार खात राहिले. पुढं अमेरिकेचे शेर्मन रणगाडे आले, संख्या वाढली, आणि अल अलामीनला पारडं फिरलं. पायदळानं या खेळात कैदी धरायचे किंवा स्वतः कैदी व्हायचं, एवढंच. हे मत टपरीवर जन्मलेलं नाही. लिडेल हार्टसारख्या नामांकित इंग्रज युद्धपंडितानं वाळवंटातल्या लढाईला समुद्रावरच्या लढाईची उपमा दिली, आणि खुद्द इंग्रज लष्करानं आपल्या वेगवान रणगाड्यांना ‘क्रूझर’ हे लढाऊ जहाजाचं नाव दिलं होतं. उपमा फार सुंदर असली की माणसं तिला पुरावा समजतात.

आता आकडे पाहू. नोव्हेंबर १९४१मध्ये इंग्रजांनी ‘क्रुसेडर’ ही मोहीम सुरू केली तेव्हा त्यांच्याकडं सातशेच्या वर रणगाडे होते. जर्मन आणि इटालियन मिळून चारशेच्या आसपास. मे १९४२मध्ये गझालाच्या लढाईला तोंड फुटलं तेव्हा इंग्रजांचे साडेआठशेच्या घरात, तर समोरच्यांचे साडेपाचशेच्या, आणि त्यांतलेही पुष्कळसे हलके इटालियन. क्रुसेडर इंग्रजांनी रडतखडत जिंकली, गझाला सपशेल हरली. संख्या निर्णायक असती तर निकाल असे लागले नसते. कुणी म्हणेल, संख्या सोडा, दर्जा बघा. तर त्या काळच्या जर्मन पँझर ३चं चिलखत आणि तोफ इंग्रजांच्या क्रूझरहून आभाळाएवढी सरस नव्हती, आणि मॅटिल्डा या इंग्रज रणगाड्याचं पुढचं चिलखत तर ७८ मिलिमीटर जाड होतं. त्या वाळवंटात चाललेल्या कुठल्याही पँझरला एवढं चिलखत नव्हतं. मग हे मॅटिल्डे मेले कुणाच्या हातून?

याचं उत्तर मराठी माणसानं इंग्रजी पुस्तकात शोधण्याआधी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या इतिहासात शोधावं. या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनला ‘काली पाँचवी’ म्हणतात; जुन्या १०५व्या मराठा पलटणीचा वारसा तिच्याकडं आहे. दुसऱ्या महायुद्धात ती ‘दोन-पाच मराठा’ म्हणून अकराव्या भारतीय ब्रिगेडमध्ये होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं. ज्यांनी वाळवंट कधी चित्रातही पाहिलं नसेल, ती १५ जून १९४१च्या पहाटे इजिप्तच्या सरहद्दीवर हलफाया घाटाच्या पायथ्याशी उभी होती.

घाट हा शब्द मी मुद्दाम वापरतो. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं वाळूच्या लाटा येतात. त्या खाली दक्षिणेला. समुद्रालगतचा, जिथं युद्ध झालं तो पट्टा बराचसा खडकाळ, मुरमाड आहे, आणि समुद्राला समांतर असा एक कडा तिथं उभा आहे. सह्याद्रीइतका उंच नव्हे, पण गाडी सरळ चढून जाईल असाही नव्हे. चढायचं तर मोजक्या जागी. हलफाया ही त्यांतली मोठी जागा. समुद्राची उपमा पहिल्यांदा इथंच बुडते. समुद्रावर घाट नसतो. घाट असला की तो अडवता येतो, आणि अडवायला रणगाडा लागत नाही.

त्या दिवशी बेत असा होता, की कड्याच्या वरून मॅटिल्डा रणगाडे आणि कॅमेरॉन हायलँडर्स यायचे, आणि खालून किनाऱ्याच्या बाजूनं मराठे आणि राजपुताना रायफल्स चढायचे. खालच्यांच्या सोबतीला सहा मॅटिल्डा. वरच्या हल्ल्याला आधार म्हणून आधी तोफखान्यानं मारा करायचा होता. त्या तोफा मऊ वाळूत रुतल्या. आमच्याकडं आषाढात काळ्या रानात ट्रॅक्टर फसतो तेव्हा अख्ख्या आखाड्यावरचे गडी दोर घेऊन धावतात, तरी संध्याकाळ होते. तिथं दोर ओढायला वेळ नव्हता. रणगाडे तोफांशिवाय निघाले.

वर काय वाट पाहत होतं? एकही पँझर नव्हता. जमिनीत नळीच्या उंचीपर्यंत पुरलेल्या मोजक्या ८८ मिलिमीटर तोफा होत्या. ही तोफ मुळात विमानं पाडायची. तिचा गोळा इतक्या वेगानं सुटतो की दीड-दोन किलोमीटरवरून ती जाड चिलखत फोडते. या मोर्च्याचा अधिकारी बाख हा युद्धाआधी पाद्री होता, हे वाचलं की मला दरवेळी नवल वाटतं. त्यानं मॅटिल्डा जवळ येऊ दिले. मग एकामागून एक. वर बारा मॅटिल्डा चालून गेले होते. त्यांतला एक वाचला. खाली मराठ्यांच्या बाजूला तोफांचीही गरज पडली नाही. सहापैकी चार मॅटिल्डा वाटेतल्या सुरुंगांवर चढले, त्यांचे पट्टे तुटले आणि उरलेल्या दोघांची वाट त्यांनीच अडवली. मराठे आणि राजपुताना रायफल्सचे जवान रणगाड्यांशिवाय चढत राहिले आणि मशीनगनच्या माऱ्याखाली अडकले. दोन दिवसांनी मोहीम संपली तेव्हा इंग्रजांचे ९१ रणगाडे कामातून गेले होते, जर्मनांचे कायमचे गेलेले अवघे १२.

या बारामागं आणखी एक गोष्ट आहे, ती कुठल्याही टपरीवर निघत नाही. जर्मनांचेही पुष्कळ रणगाडे त्या तीन दिवसांत बंद पडले होते, फुटले होते. पण संध्याकाळी मैदान त्यांच्या ताब्यात राहिलं. मैदान ज्याचं, बिघडलेले रणगाडे त्याचे. रात्री त्यांच्या ओढगाड्या आल्या, मेकॅनिक आले, पट्टे जोडले, इंजिनं उघडली, आणि आठवड्याभरात बरेचसे रणगाडे पुन्हा उभे. इंग्रज मागं हटले, म्हणून त्यांचे किरकोळ बिघाडाचे रणगाडेही शत्रूच्या हाती गेले. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ऐन पेरणीत कुणाच्या दारात नवा ट्रॅक्टर आहे यापेक्षा कुणाचा मिस्त्री रात्री नऊला येतो यावर पेरणी ठरते.

मग प्रश्न उरतो, की इंग्रज रणगाडे त्या पुरलेल्या तोफांवर नुसते चालून का जात राहिले? दुरूनच गोळे टाकून तोफा का उडवल्या नाहीत? कारण त्यांना ते येत नव्हतं. त्या वर्षीच्या बहुतेक इंग्रज रणगाड्यांवर ‘टू-पाउंडर’ तोफ होती, ४० मिलिमीटरची. तिच्यातून सुटे तो भरीव पोलादी गोळा, फुटणारा नव्हे. रणगाड्याच्या चिलखतात भोक पाडायला तो ठीक. पण हजार मीटरवर वाळूत दडलेल्या तोफेवर आणि तिच्यामागच्या पाच-सहा माणसांवर भरीव गोळा मारायचा म्हणजे डास गोफणीनं मारायचा. स्फोट नाही, छर्रे नाहीत. नेमका तोफेच्या अंगावर बसला तरच उपयोग. हा रणगाडा ज्यांनी घडवला त्यांच्या डोक्यात रणगाड्याशी रणगाडाच लढणार हे पक्कं बसलेलं होतं. मी ज्या मताचं खंडन करतोय ते मत त्या तोफेत ओतलेलं होतं, आणि त्याची किंमत हलफायाला चढणाऱ्यांनी मोजली.

जर्मन उलटं करत. त्यांचे रणगाडे शत्रूच्या रणगाड्यांना बघून पुढं येत, चार गोळे टाकत आणि पळ काढल्यासारखं दाखवत. इंग्रज घोडदळाच्या जुन्या रक्ताचे. पाठलाग म्हटला की थांबणं नाही. पाठलाग करता करता ते रांगेत लपवलेल्या तोफांपुढं येत. गनिमी कावा म्हणजे काय हे आपल्याला परक्यानं शिकवायला नको; पळण्याचं सोंग करून शत्रूला खिंडीत आणायचं हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. रोमेलची चलाखी मी नाकारत नाही. पण ती चलाखी रणगाड्यानं रणगाडा मारण्यात नव्हती. रणगाड्याचं काम तोफेकडून करून घेण्यात होती.

पूर्वपक्षाची सगळ्यात भक्कम भिंत म्हणजे तोब्रूक. २१ जून १९४२ रोजी इंग्रजांच्या ताब्यातलं हे लिबियाचं बंदर पडलं, सुमारे ३३,००० माणसं कैद झाली, रोमेल फील्डमार्शल झाला. हल्ल्याचा पहिला घाव बसला तो अकराव्या ब्रिगेडवर, आणि त्यातही आग्नेय बाजूला मोर्चे धरून बसलेल्या काली पाँचवीवर. पुष्कळ पुस्तकांत हा भाग एका वाक्यात उरकला जातो: पँझर आले, मराठ्यांची फळी फुटली, सगळं संपलं. वाचणाऱ्या मराठी माणसाच्या मनात नकळत एक खंत राहते, की आपली पोरं रणगाड्यांपुढं टिकली नाहीत.

न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक नावाची कसोटी आहे. कारण असेल तर कार्य होतं, कारण नसेल तर होत नाही, असं दोन्ही बाजूंनी दाखवता आलं तरच ते कारण. तोब्रूक या कसोटीसाठीच जणू दोनदा लढलं गेलं. तोच सुमारे पन्नास किलोमीटरचा घेरा, इटालियनांनी खणलेला तोच रणगाडाविरोधी खंदक, तेच काँक्रीटचे मोर्चे आणि तोच रोमेल. एप्रिल १९४१मध्ये त्यानं तोब्रूकवर रणगाडे घातले. आत ऑस्ट्रेलियन पायदळ होतं. त्यांनी काय केलं? रणगाडे आपल्या डोक्यांवरून जाऊ दिले. खंदकात दडून राहिले, आणि मागून येणाऱ्या जर्मन पायदळाला बंदुकांनी रोखलं. एकटे पडलेले रणगाडे आत घुसले ते थेट पंचवीस-पाउंडर तोफांच्या तोंडी. ३८पैकी १६-१७ गमावून उरलेले परत फिरले. तोब्रूक पुढं सुमारे आठ महिने वेढ्यात राहून उभं राहिलं. या वेढ्यात एक भारतीय घोडदळ रेजिमेंटही होती, अठरावी कॅव्हलरी, जिच्याकडं ना घोडे होते ना रणगाडे. तिचे सवार पायदळासारखे खंदकात बसून लढले. हे नाव लक्षात ठेवा. मराठवाड्यात पुन्हा भेटेल.

आता १९४२. रणगाडे तेच, मग बदललं काय? मधल्या काळात तोब्रूकचे सुरुंग उकरून गझालाच्या फळीवर नेऊन पेरले होते. खंदक ठिकठिकाणी वाळूनं भरून आला होता. इंग्रज विमानतळ मागं गेले होते, जर्मन विमानतळ जवळ आले होते. आणि हल्ल्याचा क्रम पाहा. २० जूनच्या पहाटे मराठ्यांच्या मोर्च्यांवर आधी आली स्टुका विमानं, लाटांवर लाटा. मग तोफखाना. मग धुरामागून पायदळ आणि सॅपर. त्यांनी तारा कापल्या, उरलेले सुरुंग काढले, खंदकावर पूल टाकले. हे सगळं झाल्यावर, साडेआठच्या सुमाराला, त्या पुलांवरून रणगाडे आले. फळी फोडली ती विमानांनी, तोफांनी आणि फावडी-पक्कड घेतलेल्या माणसांनी. रणगाडे नंतर त्या भगदाडातून धावले, आणि आत त्यांना अडवायला वेळेवर ना तोफा आल्या ना एकवटलेला प्रतिहल्ला. मराठ्यांच्याच ब्रिगेडमधले कॅमेरॉन आणि गुरखे तोब्रूकच्या सेनापतीनं शरणागती दिल्यावरही लढत होते. म्हणजे १९४१ला रणगाडे होते, फळी टिकली. १९४२ला रणगाडे होते, फळी फुटली. दोन्हीकडं सारखं असलेलं कारण निकालातला फरक समजावू शकत नाही. फरक सुरुंगांचा, खंदकाचा, विमानांचा आणि आतल्या तोफांच्या मांडणीचा. त्याचा दोष आग्नेय कोपऱ्यातल्या एका बटालियनच्या माथी मारणं हा इतिहास नव्हे.

उलट बाजूचीही साक्ष आहे. तोब्रूक पडायच्या तीन-साडेतीन आठवडे आधी, २७ मे १९४२ला, बीर हकीमच्या आग्नेयेला तिसऱ्या भारतीय मोटर ब्रिगेडवर इटालियन आरिएते डिव्हिजनचे रणगाडे चालून आले. ब्रिगेड अखेर चिरडली गेली, पण भारतीय तोफखान्याच्या पंचवीस-पाउंडरनी उघड्यावरून थेट नेम धरून जे रणगाडे मोडले त्यांचा उल्लेख त्या दिवसाच्या प्रत्येक हकिगतीत येतो. त्या बॅटऱ्यांतला एक अधिकारी पी. पी. कुमारमंगलम. त्याला या लढाईसाठी डी.एस.ओ. हा लष्करी सन्मान मिळाला, आणि पुढं तो भारताचा लष्करप्रमुख झाला. तोब्रूकनंतर दहाच दिवसांत, १ जुलैला, इराकहून नुकतीच आलेली अठरावी भारतीय ब्रिगेड अलामीनजवळ देर एल शेइनला रोमेलच्या वाटेत बसली. दिवसभर लढून तीही संपली. पण त्या दिवशी सकाळी रोमेलच्या आफ्रिका कोअरकडं ५५ रणगाडे होते, संध्याकाळी ३७. अलामीनची फळी त्या एका दिवसात सावरली. रणगाड्यांच्या दंतकथेत या दिवसाला जागा नाही, कारण त्यात समोर रणगाडे फारसे नव्हतेच.

मग रोमेल शेवटी थांबला कशानं? इथं माझा लाडका पुरावा येतो, पत्र्याचा डबा. इंग्रज लष्कर पेट्रोल चार गॅलनच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात भरून नेई. चार गॅलन म्हणजे अठरा लिटर. आपल्याकडं तेलाचा जो डबा घरोघर असतो, जो रिकामा झाला की आंघोळीचं पाणी तापवायला किंवा ज्वारी भरायला जातो, त्याचाच भाऊबंद. पातळ पत्रा, डागलेल्या शिवणी. लाकडी चौकटीत दोन-दोन डबे घालून ट्रकवर रचायचे आणि खडकाळ वाटेनं शेकडो किलोमीटर हाणायचे. शिवणी उलत. सेनापती ऑकिनलेक यांचा हिशोब असा, की तळापासून वापरणाऱ्यापर्यंत जाईतो सुमारे तीस टक्के पेट्रोल वाया जाई. ट्रकच्या फळ्या पेट्रोलनं भिजलेल्या, वास डोक्यात चढलेला, एक ठिणगी पडली की संपलं. सैनिकांनी डब्याचा उपयोग मात्र शोधला: मधोमध कापायचा, खालच्या अर्ध्यात वाळू नि थोडं पेट्रोल ओतून पेटवायचं, वरच्या अर्ध्यात चहा. जर्मनांकडं वीस लिटरचा जाड दाबीव कॅन होता, तीन मुठींचा, झाकण घट्ट. तो इंग्रजांनी पळवून पळवून वापरला, आणि शेवटी हुबेहूब नक्कल करून बनवला. ‘जेरी’ म्हणजे जर्मन, म्हणून त्याचं नाव जेरीकॅन. आज आपण डिझेल आणायला तोच नेतो.

कॅन चांगला असला तरी तो भरायला पेट्रोल हवं. रोमेलचं मोठं बंदर त्रिपोली. तिथून बेनगाझी हजार किलोमीटर, बेनगाझीहून तोब्रूक आणखी साडेचारशेच्या वर, तिथून अलामीन आणखी पाचशे. पेट्रोल नेणारे ट्रक पेट्रोल पितच जात आणि पितच परत येत. जितका पुढं, तितका भुकेला. इटलीहून येणाऱ्या जहाजांपैकी किती बुडतात हे माल्टावरच्या विमानांवर आणि पाणबुड्यांवर ठरे, आणि कुठलं जहाज केव्हा निघतं हे इंग्रज गुप्तलिपी फोडून वाचत होते. ऑगस्टच्या अखेरीस आलम हलफाला रोमेलनं शेवटचा मोठा हल्ला चढवला. या वेळी इंग्रज रणगाडे पाठलागाला निघालेच नाहीत. टेकडीवर तोफांच्या ओळीत पुरून बसले. पेट्रोलची जहाजं बुडाल्याच्या बातम्या येत होत्या. आठवड्याभरात तो माघारी फिरला. लातूरकरांना हा अध्याय समजावून सांगायची गरज नाही. एप्रिल २०१६ला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे आली, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी घेऊन, साडेतीनशे किलोमीटर. त्या दिवसांत शहराची सगळी मिजास रेल्वेच्या वाघिणीवर टांगलेली होती. सेनेची तशीच असते.

अल अलामीनही लोक ‘रणगाड्यांची महान लढाई’ म्हणून सांगतात. पुढं सुमारे साडेचार लाख सुरुंग पेरलेले. २३ ऑक्टोबरच्या रात्री पायदळ आणि सॅपर गुडघ्यांवर रांगत, संगिनीनं जमीन टोचत वाटा काढत होते. २ नोव्हेंबरच्या पहाटे नवव्या आर्मर्ड ब्रिगेडचे ९४ रणगाडे तोफांच्या ओळीवर घातले; सत्तरहून अधिक गेले. ते तिथं जाळल्यामुळं फळी फुटली, असं म्हणणाऱ्यांचं मला पटतं. पण ही सुद्धा रणगाडा विरुद्ध तोफ अशीच लढाई होती.

आता माझी बाजू जिथं लंगडते ते. डिसेंबर १९४०मध्ये निबेइवाच्या इटालियन छावणीवर चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या पुढं मॅटिल्डे गेले तेव्हा इटालियन तोफांचे गोळे त्यांच्या अंगावरून नुसते घसरले आणि सकाळ संपायच्या आत छावणी पडली. तिथं रणगाड्यानंच काम केलं, मान्य. फक्त एवढंच, की भेदणारी तोफ समोर नव्हती. आणि १९६५च्या भारत-पाक युद्धातलं फिल्लोरा. तिथं पूना हॉर्सचे सेंच्युरियन पाकिस्तानी पॅटनशी भिडले, रणगाड्यानं रणगाडा मारला, आणि ते नेतृत्व लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर यांचं. या माणसाचं आपल्याशी नातं आहे: निजामाच्या हैदराबाद लान्सर्समधून तो घडला, दुसऱ्या महायुद्धात त्याच रिसाल्याबरोबर पश्चिम आशियात गेला, आणि १६ सप्टेंबर १९६५ला रणभूमीवर पडला. मरणोत्तर परमवीरचक्र. फिल्लोराची लढाई मी कुठल्याही युक्तिवादानं लहान करू शकत नाही. पण ते सियालकोटचं शेतीचं रान, वाळवंट नव्हे. आणि त्याच आठवड्यात असल उत्तरला, पाण्यानं भरलेल्या वावरांत आणि उसाच्या फडांत, डेक्कन हॉर्सचे जुने शेर्मन दबा धरून बसले आणि नवेकोरे पॅटन चिखलात रुतले. खऱ्या वाळवंटातली आपली लढाई लोंगेवालाची, डिसेंबर १९७१. तिथं पाकिस्तानी रणगाड्यांना एका कंपनीनं आणि दोन-चार तोफांनी रात्रभर थोपवलं, वाळूनं रुतवलं, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी मोडलं. त्या रात्री आपले रणगाडे तिथं नव्हते. ‘बॉर्डर’ सिनेमा पाहून आलेला माणूसही हे विसरतो, याला काय म्हणावं!

अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात मॅटिल्डा उभा आहे. मुलं त्याच्यापुढं फोटो काढतात. त्याची तोफ किती बारीक आहे हे जवळून पाहावं. एवढ्या लठ्ठ अंगाला ही काडी? हलफायाचा सगळा प्रकार त्या नळीकडं बघून कळतो.

आणि आता टपरीवरच्या मूळ वाक्याकडं येतो: निजाम रणगाड्यांनी वाकला. १३ सप्टेंबर १९४८. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांचं दळ सोलापूरहून हैदराबादच्या सडकेनं निघालं. त्या दळात रणगाडे होते, भरपूर होते. एका तुकडीत अठराव्या कॅव्हलरीचा ट्रूपही होता; तोब्रूकच्या खंदकात बसलेली तीच रेजिमेंट, आता रणगाड्यांवर, तुळजापूरच्या वाटेवर. पण मुख्य सडकेवर पहिली गाठ होती नळदुर्गची. तिथं बोरी नदीवर पूल, आणि समोर निजामाची हैदराबाद इन्फंट्री. तो पूल सातव्या ब्रिगेडनं झपाट्यानं, शाबूत, न उडवलेला, हाती घेतला. मग दुसऱ्या शीख बटालियनच्या पायदळानं नळदुर्गचे मोर्चे घेतले. आणि त्यानंतर रणगाडे जळकोटला, दुपारी सव्वातीनपर्यंत उमरग्याला पोहोचले. तीन दिवसांनी जहिराबादच्या अलीकडं सुरुंगांनी त्यांचा वेग कमी केला.

नळदुर्गला लोक पाणीमहाल बघायला जातात, पावसाळ्यात तर गर्दीच असते. पुलाकडं कुणी बघत नाही. भाद्रपदात बोरी भरलेली असते आणि दोन्ही काठांना काळी माती असते. तो पूल त्या सकाळी उडाला असता, तर चौधरींचे सगळे शेर्मन नदीच्या अलीकडच्या काठावर, ओल्या काळीत, इंजिनं बंद करून उभे राहिले असते, आणि सॅपरांच्या ट्रकची वाट बघत चहा झाला असता. बहुधा पत्र्याच्या डब्यातच.